पाथर्डीच्या मिस्त्रीने माझी मोटार बरी केली

पुण्याहून निघतानाच कुसुमने, म्हणजे माझ्या बायकोने, निक्षून सांगितलं, “या खेपेला गाडी रुसली, तर परत आल्यावर विकून टाकायची.” आमची जुनी मोटार थंडीत सकाळी अर्धा तास आचके द्यायची आणि तापली की शहाण्यासारखी धावायची. दोन हिवाळे मी तिचा कार्बुरेटर खोलत होतो. मी बॉनेटमध्ये डोकं घालायचं आणि कुसुमने शाल लपेटून अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसायचं, असा आमचा रोजचा कार्यक्रम. गॅरेजात पोचेपर्यंत गाडी तापलेली, त्यामुळे तिथे कुणाला काही सापडत नसे.

कुसुमला पाथर्डीजवळच्या मोहट्याच्या देवीला जायचं होतं. नगर मागे पडलं, करंजीचा घाट ओलांडला आणि दुष्काळाने करपलेली रानं लागली. समोरून बैलगाड्यांची रांग येत होती. गाड्यांवर भांडी, कोंबड्या, माणसं. तिसगावला चहा घेताना हॉटेलवाला म्हणाला, “कोयते निघाल्यात कारखान्याला.” कोयता म्हणजे ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला म्हणे मुकादम घेतच नाही.

पाथर्डीला डाकबंगल्यात उतरलो. थंडी कडाक्याची, म्हणून मी बॉनेटवर गोधडी टाकली. तरी सकाळी गाडीने रंग दाखवलाच. चौकीदाराने दगडू मिस्त्रींना बोलावून आणलं. विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करणारा हा माणूस मोटारीचं काय करणार, असं मला वाटलं. ते येईतो गाडी तापून सुरळीत झाली होती.

मिस्त्रींनी कान देऊन ऐकलं. “सायेब, रातीला हिच्यावर काय टाकता?”

“गोधडी.”

“मंग बरूबर हाय. पांगरून घालून तुमीच हिचा आजार झाकताय. आज उघडी ऱ्हाऊ द्या. उद्या दिस उगवायला येतो.”

कुसुम खुदकन हसली. मला ते हसणं झोंबलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मिस्त्री हजर. गाडी आचके देऊ लागली, तसे त्यांनी तेलाच्या बुधल्यातून इंजिनाच्या एका सांध्यावर चार थेंब सोडले. सांध्याने तेल आत ओढलं आणि आचके थांबले. क्षणभरच, पण थांबले! कार्बुरेटरमधून इंजिनात हवा नेणाऱ्या नळीचं गास्केट, म्हणजे सांधा हवाबंद ठेवणारी चकती, गेलं होतं. गारठ्याने सांधा आखडायचा, फटीतून जादा हवा आत शिरायची, आणि धातू तापून फुगला की फट मिटायची. सहा वर्षं गाडी माझी, आणि दुखणं सांगितलं ते यांना.

मिस्त्रींनी गास्केटचा जाड कागद सांध्याच्या तोंडावर धरला आणि हातोडीने कडेकडेने हलकं ठोकत नेमका आकार कापला. कुसुम शेजारी उकिडवी बसून विचारत होती, “भोकं कशी पाडणार? नट आधी मधला का आवळायचा?” माझ्या दोन हिवाळ्यांत तिने एक प्रश्न विचारला नव्हता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

गाडी चालू झाली ती एका दमात. मिस्त्री डोळे मिटून ऐकत उभे राहिले.

“विहिरींला पानी न्हाई, वैनी. चार म्हयने झालं, इंजिनाचा आवाजच न्हाई कानावर. लई बरं वाटलं.”

मला माझी लाज वाटली. पण जळफळाट काही गेला नाही.

देवीचं दर्शन झालं, पिठलं-भाकरी झाली, गाडी कुठेही न कुरकुरता आम्ही पुण्याला परतलो. विकण्याची भाषा बंद झाली.

परवा पुण्यात थंडीचा कडाका पडला. मी पाना-पकड घेऊन खाली गेलो, किल्ली फिरवली आणि गाडी लगेच सुरू झाली. शेजारची सीट रिकामी. वरून स्वयंपाकघराच्या खिडकीतून कुसुमचा आवाज आला, “अहो, झाली ना सुरू? मग मी नाही येत. आणि मिस्त्रींना पत्र टाका हं, बिचाऱ्यांनी आपला किती त्रास वाचवला!”

इंजिन घड्याळासारखं चाललं होतं. रोज सकाळचा अर्धा तास ती माझ्याजवळ बसायची, तो त्या माणसाने नेला, आणि मीच त्याला पैसे मोजून आलो होतो.

पत्र टाकायचं अजून राहिलंच आहे.