आमच्या स्मशानाचं राखीव वन

लातूर जिल्हा झाला त्या सुमाराला आमच्या गावात दोन गोष्टी भरपूर झाल्या, साहेब आणि धूळ. पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यातच राहिला असावा. रेणापूरच्या रस्त्यानं जीप आली की आधी धुरळा दिसायचा, मग जीप आणि मग तिच्यामागं धावणारे आमचे सरपंच. विहिरींनी तळ गाठला होता, जनावरं छावणीत गेली होती आणि गावातली मंडळी चावडीवर बसून नव्या जिल्ह्यामुळं आता कायकाय होणार याच्या गप्पा हाणत होती. मी तेव्हा लातूरला कॉलेजात होते. सुट्टीला घरी आले की या गप्पांचा भयंकर राग यायचा, कारण प्यायच्या पाण्याविषयी त्यांत कुणीच बोलायचं नाही.

त्या उजाड गावात हिरवी जागा एकच, आमची स्मशानभूमी. आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, पुरतात. तेही आडवं नाही, मांडी घालून, हातात इष्टलिंग देऊन बसवतात. बसवताना बेलाची पानं लागतात, म्हणून तिथं बेल होतेच. बाकी लिंब, हिवर, बोरी, तरवड आपापले वाढलेले. तिथलं लाकूड चुलीत घालायचं नाही, तिथलं गवत जनावराला टाकायचं नाही आणि तिथली बोरं खायची नाहीत, असा दंडक. (बोरं आम्ही पोरं खायचो. गोड होती.) माणसांनी भिऊन सोडलेल्या त्या जागेत तितर होते, ससे होते, एक म्हातारी घोरपड होती, आणि समाधीच्या फटीत मुंगसांचा संसार होता. जिवंत माणसांच्या हद्दीत त्या वर्षी साधी चिमणी टिकत नव्हती.

या सगळ्या गोतावळ्याचं करायची ती माझी आत्या. तिचं सासर गावातच. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, गेल्यावर, मूलबाळ नाही म्हणून, वडिलांनी तिला आमच्याकडे आणलं. रोज सकाळी ती मामांच्या समाधीवर फूल ठेवायला जायची आणि फुटक्या परातीत पाखरांसाठी तांब्याभर पाणी ओतायची. समाधीच्या डाव्या अंगाची मोकळी जागा तिनं स्वतःसाठी धरून ठेवली होती, एसटीत रुमाल टाकून धरतात तशी. "जित्यापणी चारचौघांत त्यांच्या शेजारी बसता आलं न्हाई," ती म्हणायची. "कधी सासू समोर, कधी दीर. आता तरी मला शेजारी बसवा."

झाडं लावणाऱ्या कुठल्याशा खात्यानं त्याच वर्षी आमच्या माळावर रोपं लावली होती. काही उन्हानं खाल्ली, उरलेली शेळ्यांनी. आणि नेमकं तेव्हाच कळलं की जिल्ह्याचे मोठे साहेब लागवड बघायला येणार. सरपंचांचं तोंड उतरलं. तेव्हा आमच्या समाजातली थोर मंडळी पुढं सरसावली. "आमचं स्मशान दावा की! तसलं हिरवं सगळ्या जिल्ह्यात न्हाई." मोठेपणा मिरवायची संधी आमची माणसं कधी सोडत नाहीत, मग ती स्मशानातली का असेना.

समाध्या दिसू नयेत म्हणून त्यांवर तरवडाच्या फांद्या टाकल्या. बुंध्यांना गेरू आणि चुना फासला. ज्या जागेत कुणी मोठ्यानं बोलत नसे तिथं कमान उभी राहिली. गावात सगळ्यांना बजावलं गेलं, साहेब जाईपर्यंत कुणी मरायचं नाही. आत्या तेव्हा अंथरुणाला खिळली होती. तिलाही एकानं येऊन सांगितलं, "तेवढी कळ काढा, अक्का."

साहेब आले. तितरांनी त्यांच्या पायातून भुर्र उडून दाखवलं, घोरपड सावकाश वाट ओलांडून गेली. साहेब हरखले. भाषण करून त्यांनी तिथल्या तिथं हुकूम दिला: हे राखीव वन, इथं यापुढं कुदळ पडता कामा नये. सगळ्यांत जोरात टाळ्या आमच्या थोर मंडळींनी वाजवल्या. आपण कशाला टाळ्या वाजवल्या हे त्यांना घरी जाऊन जेवताना कळलं.

मग लातूरला अर्जांच्या खेपा सुरू झाल्या. कचेरीतल्या माणसानं समजावलं की कागदोपत्री तिथं आता वन आहे, आणि वनात माणसं पुरायची सोय नसते. "जाळा की," तो म्हणाला. आमची मंडळी बाहेर येऊन पायरीवर बसली ती उठेना. परवानगी फक्त रोपांसाठी खड्डे घ्यायला होती.

वडिलांनी हे सगळं आत्याला सांगितलं. मला वाटलं, ती आता रडणार. ती म्हणाली, "खड्डा झाडासाठी चालतो न्हवं? मग मला झाड म्हणून लावा की."

चार दिवसांनी ती गेली. तिला सजवलेल्या विमानात, म्हणजे आमच्यातल्या बसत्या तिरडीत, बसवून नेलं आणि सगळ्यांच्या पुढं, बेलाचं रोप छातीशी धरून, वडील चालले. फाटकावर खात्याचा रखवालदार काठी घेऊन उभा होता. त्यानं रोप बघितलं, विमान बघितलं. "वृक्षारोपण हाय," वडील म्हणाले. त्यानं फाटक उघडलं. मामांच्या डाव्या अंगाला खड्डा घेतला, रोपाच्या मानानं फार म्हणजे फारच खोल. आत्याला बसवलं, माती लोटली, वर बेल लावला. मी खूप रडले, आणि खरं सांगायचं तर मला त्याच वेळी हसूही येत होतं.

पुढच्या वर्षी मोठे साहेब पुन्हा आले. खात्यानं तिथं लावलेल्या बाकीच्या रोपांच्या काटक्या झाल्या होत्या, हा एक बेल मात्र कमरेइतका झालेला. वडील रोज त्याला पाणी घालत. साहेबांनी जवळ जाऊन कौतुकानं पानं कुरवाळली. "वा! याला खत काय घातलं?"

सरपंच खोकू लागले. थोर मंडळी एकमेकांच्या मागं सरकली. जन्मात कधी सरकारी माणसापुढं तोंड न उघडलेले माझे वडील पुढं झाले, त्यांनी हात जोडले.

"बहीण हाय साहेब ती माझी," ते म्हणाले, आणि साहेबांबरोबर आलेल्या सगळ्या कचेरीसमोर ढसाढसा रडले.