जीपच्या वायरवरचा ठिपका

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. मी चाळीसगावचा जीपवाला. दिवा लागला नाही तर फ्यूज बघायचा, देव्हारा नाही — एवढंच माझं शास्त्र. तरी हे लिहितोय, कारण मनातून जात नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट. तलावाच्या सर्व्हेसाठी एक साहेब आले, त्यांनी माझी जीप लावली. त्यांच्याकडे जीपीएस होतं... मुठीत मावणारं, आपण कुठे आहोत ते दाखवणारं यंत्र. ते सेल नुसतं खायचं. म्हणून मी जीपच्या बॅटरीवरून वायर काढली, बारा व्होल्टनं जळू नये म्हणून मध्ये रेग्युलेटर बसवला आणि इंजिन सुरू केलं.

पडद्यावर एक ठिपका आला. बिननावाचा. खाली अंतर, अठरा किलोमीटर, आणि बाण घाटाकडे. साहेब म्हणाले, "मी तर काहीच साठवलेलं नाही." सेलवर लावलं की ठिपका गायब. जीपला जोडलं की हजर!

ही जीप माझ्या काकांची. बारा वर्षांपूर्वी त्याच घाटात ती रिकामी सापडली होती, किल्ली तशीच लावलेली. काका मात्र कधीच सापडले नाहीत. काकू अजून कुंकू लावायची. पण आता तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि सोयऱ्यांची अट होती, की आधी बापाचं काय ते उरका. म्हणून माझ्या वडिलांनी, नानांनी, विधी ठरवला. दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, म्हणजे माणूस गेला असं धरायचं.

दुसऱ्या दिवशी अंतर होतं अकरा. तिसऱ्या दिवशी, विधीच्या सकाळी, सहा. तिन्ही वेळा जीप दारातच उभी होती... म्हणजे आम्ही हललो नव्हतो, ठिपका हलत होता. मी घरात सांगितलं. काकू धावत आली.

"माले दखाड." तिनं पडद्यावर बोट ठेवलं. तिच्यासाठी तो ठिपका म्हणजे काकाच. "त्या येई राह्यनात! नाना, आजना दिन थांबा हो."

नानांचेही डोळे भरले होते. पण भटजी आलेले, सोयरे ओट्यावर बसलेले. "बारा वरीस वाट दखी," ते म्हणाले, "आते आनखी कितली दखानी?" आणि पुरुषमंडळी पुतळा घेऊन नदीवर गेली. मी मात्र गेलो नाही.

बायका स्मशानात जात नाहीत, त्यामुळे काकू माझ्याशेजारी जीपमध्ये बसून राहिली. इंजिन चालू, आकडा उतरतोय. काकू पडद्याकडे नाही, रस्त्याकडे बघत होती. मग नदीकडे धूर दिसला आणि ठिपका गेला. वायर घट्ट होती, इंजिन चालू होतं. पुन्हा पुन्हा जोडून बघितलं... पुन्हा कधीच आला नाही.

साहेब म्हणाले, जीपचा करंट वरखाली होतो, मेमरीत कचरा आला असेल. असेलही. पण कचरा घराच्या दिशेनं कसा चालत येतो?

मुलीचं लग्न छान झालं. नानांना दोष कुणी दिला नाही, पण एक दिवस थांबलो असतो तर, हे वाटतंच हो. काका कुठपर्यंत पोचले होते, हे काकू अजून मधूनच विचारते, "कोठलगून येल व्हतात रे त्या?"

"वेशीलगून, काकू," मी सांगतो.

शेवटचा आकडा मी एकट्यानं पाहिला होता. वेस आमच्या दारापासून अर्धा किलोमीटर आहे. पडद्यावर होते नऊ मीटर.