बाहेर कोण राहिलंय?

बैठकीला आल्या की बाई लगेच बसायच्या नाहीत. दारात उभ्या राहून मागं वळून बघायच्या आणि खणखणीत आवाजात विचारायच्या, "भाईर कोण ऱ्हायलंय?"

आमची संस्था कोल्हापुरातली, पैसा परदेशातला. मी नळयोजनांचा इंजिनिअर. गावकऱ्यांशी बोलणं बाईंकडे. त्या कागलच्या, शाळेतली नोकरी सोडून आलेल्या. मानवी हक्कांवरची आमची प्रशिक्षणं मोठ्या हॉटेलात व्हायची, तिथं बाई मागच्या रांगेत चक्क पेंगायच्या. तुम्ही त्यांना तिथं पाहिलं असतं, तर काही विशेष वाटलं नसतं.

शाहूवाडीतल्या एका गावात देवळात बैठक होती. बौद्धवस्तीतल्या बायका पायरीखाली उभ्या होत्या. सरपंच म्हणाले, "त्यास्नी आमी सांगतो की नंतर."

"सांगायचं न्हाय, इचारायचंय," असं म्हणून बाई खाली उतरल्या आणि त्यांच्यात जाऊन बसल्या.

वस्तीतल्या सुमनताई बोलल्या, "पान्याचा व्हॉल्व्ह वरच्या आळीत. उन्हाळ्यात आमचं पानी बंद करत्यात. नवी योजना आली तरी त्येच हुनार की."

माझ्या नकाशातही व्हॉल्व्ह वरच्या आळीतच होता.

त्याच आठवड्यात परदेशी पाहुणे पायाभरणीला यायचे होते. संचालक फोनवर म्हणाले, "कार्यक्रम उरकून घ्या, बदल मागाहून करू." बाईंनी खड्डाच खणू दिला नाही. पाहुण्यांनी कारण विचारलं तेव्हा संचालकांनी तांत्रिक अडचण सांगितली. बाई उठल्या.

"तांत्रिक न्हाय. अर्ध्या गावाला इचारलंच नव्हतं."

दुभाषा घुटमळला. "हाय तसं सांग की," बाई त्याच्यावर खेकसल्या.

पाहुणे पायाभरणी न करताच परतले. काम पावसाळाभर थांबलं. सरपंचांकडचा चहा बंद झाला. तरी बाई मलकापूरची एसटी धरून जायच्या, वरच्या आळीत बसायच्या, वस्तीतही बसायच्या. एकदा परतताना म्हणाल्या, "सायेब, लई भ्या वाटतंय. योजनाच गेली तर ह्या बायका मला शिव्या देतील. आनि बरोबरच हाय त्यांचं."

दिवाळीनंतर बदललेल्या नकाशाला मंजुरी आली. वस्तीला वेगळी पाइपलाइन, व्हॉल्व्हची किल्ली वस्तीतल्या बायकांकडे. बाईंचा करार मात्र संस्थेनं पुढं वाढवला नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात त्या गावी गेलो. सुमनताई पाणी सोडत होत्या. "बाई न्हाय आल्या?"

मी सांगितलं, बाई थंडीतच गेल्या. छातीत दुखण्याचं निमित्त झालं.

त्या माझ्याकडं वळल्या. "आनि आमास्नी कुनी कळवलं न्हाय व्हय?"

 सुमनताईंनी किल्ली शेजारणीच्या हातात दिली, घरात जाऊन चुलीवरचं उतरवून ठेवलं आणि डोक्यावर पदर घेऊन बाहेर आल्या.

"चला," म्हणाल्या, "कागलात घर कुठं हाय, दावा."