गेंदा पहलवानाचा फोन नंबर

"माझा फोन मेला आहे, आणि तुम्ही मला तो जिवंत आहे म्हणून सांगून राह्यले!"

डॉ. नलिनी खेडकर माझ्या टेबलासमोर उभ्या राहून ओरडत होत्या. बाई मूळच्या अकोल्याच्या, चंडीगडच्या मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये भूलतज्ज्ञ. त्या आवाजानं माझ्या खोलीतला पंखा दोन फेरे उलटा फिरला, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. बाहेर वाळूच्या पोत्यांआड बसलेला सीआरपीचा जवानसुद्धा रायफल सावरून उठला. पंजाबातले ते दहशतवादाचे दिवसच तसे होते. ओरडण्याचं कारण आधी कुणी विचारत नसे.

मी तेव्हा टेलिफोन एक्सचेंजमध्ये असिस्टंट इंजिनियर होतो. कोल्हापूरचा माणूस, तांबड्या रश्श्यावर वाढलेला. पण मीही खुर्ची जरा मागे घेतली.

बाईंची तक्रार साधी होती. त्यांच्या फोनवरून बाहेर फोन लागायचा. पण संध्याकाळी त्यांना कुणी केला, तर एंगेज. त्यांना कॅम्पसमध्ये क्वार्टर मिळालेलं नव्हतं. अंधार पडला की रस्ते ओस, कधी कर्फ्यू, कधी नुसतीच भीती. गोळी लागलेला माणूस आला की सर्जन हातमोजे घालून तयार, आणि भूल देणारी बाई घरात फोनशेजारी बसलेली. आदल्या संध्याकाळी हॉस्पिटलनं वैतागून जीप पाठवली. ती प्रत्येक नाक्यावर अडली. पेशंट होता एक बस कंडक्टर. वाचला, पण थोडक्यात.

"थोडक्यात म्हणजे किती, ते तुम्हाला नाही कळायचं," बाई म्हणाल्या. आता आवाज खाली आला होता, आणि तो मला जास्त लागला. "पुढचा नाही वाचला, तर त्याच्या घरच्यांना मी काय सांगू? फोन एंगेज होता?"

मी टेस्ट डेस्कवरच्या गुरमेलजींना लाइन पुन्हा एकदा तपासायला सांगितली. गुरमेलजींचा कान असा, की तारेवर चिमणी बसली तर तिचं वजन सांगतील. त्यांनी तपासली. लाइन ठणठणीत, घंटी खणखणीत. बाईंना तेच सांगितलं, तर त्या पुन्हा ओरडल्या.

इथे थोडं आमच्या धंद्यातलं सांगतो. टेस्ट डेस्कवरून आम्ही फोन तपासतो तो थेट तारेवर. म्हणजे घराच्या मागच्या दारानं आत जाऊन पाहायचं, की माणूस आहे ना. पुढच्या दाराशी काय गर्दी आहे, ते मागून दिसत नाही.

म्हणून संध्याकाळी मी स्वतः स्विचरूममध्ये जाऊन उभा राहिलो. आमचं एक्सचेंज जुनं, यांत्रिक. तुम्ही डायल फिरवलीत की आत सिलेक्टर नावाची यंत्रं टकटक करत वर चढतात, गोल फिरतात आणि नंबर गाठतात. भरलेलं स्विचरूम म्हणजे एका वेळी दहा हजार बायका अडकित्त्यानं सुपारी कातरतायत असा आवाज. त्या दिवशी सगळीकडे शांतता, आणि एकाच रॅकवर नुसता दंगा. खेडकरबाईंचा नंबर त्याच रॅकवर.

शंभर फोन म्हणजे एक मोहल्ला समजा. नंबराचे आधीचे आकडे मोहल्ला ठरवतात, शेवटचे दोन घर. एका मोहल्ल्यासाठी सिलेक्टर असतात दहा-बारा. म्हणजे शंभर घरांना दहा-बारा रिक्षा. एरवी भरपूर झाल्या, कारण सगळ्यांकडे एकदम पाहुणे येत नाहीत. पण सगळ्या रिक्षा एकाच घरासमोर जाऊन थांबल्या तर? त्या घराचा फोन एंगेज असला तरी एंगेजचा टोन ऐकवत रिक्षा तिथेच उभी राहते. मग बाकीच्या नव्व्याण्णव घरांना पाहुणा पोचतच नाही. त्यालाही एंगेजच ऐकू येतं.

सगळ्या रिक्षा कुठे थांबल्यात ते गुरमेलजींनी पाहिलं. हरबंस कौर, सगळ्यांच्या बीजी, म्हणजे आपल्याकडच्या आजी. वय पंचाहत्तरच्या पुढे, घरी एकट्या.

दुसऱ्या दिवशी मी बीजींच्या दारात. मी फोनवाला आहे यावर त्यांचा विश्वास बसेपर्यंत माझं ओळखपत्र तीनदा आत गेलं आणि बाहेर आलं. अनोळखी आवाज फोनवर आला की तेव्हा लोक धमकीच समजत. बीजींनाही पहिल्या फोनला तसंच वाटलं होतं. पलीकडून एक दणकट आवाज म्हणाला होता, "पहलवानाला बोलवा. मुलगा तयार आहे." बीजींनी ताबडतोब पोलीस बोलावले. पोलीस बसले असताना दुसरा फोन आला. त्याला शेतीवाली मुलगी हवी होती.

मग मात्र बीजींना राग आला. फोन करणाऱ्या प्रत्येकाला त्या धरून झापायच्या. लग्न म्हणजे काय, आईबाप काय करतायत, वय काय. एकेकाला पाऊण तास. तेवढ्या वेळात इतर अकराजण एंगेज ऐकत रिक्षात बसलेले.

उलगडा झाला परतीच्या टॅक्सीत. ड्रायव्हरनं कॅसेट लावली. विनोदी नकलांची कॅसेट, 'गेंदा पहलवान मॅरेज ब्युरो'. पहलवान एकेका नवऱ्याची जाहिरात करतो. एकाला डोळा एक, पण ट्रॅक्टर दोन. दुसऱ्याला दात नाहीत, त्यामुळे खर्च कमी. आणि प्रत्येक नवऱ्यानंतर छाती ठोकून ओरडतो, "चंडीगडला फोन करा!" आणि पाच आकडे. बीजींचे. (ते आकडे मी इथे लिहिणार नाही. तुम्ही लावून बघाल.)

संध्याकाळी लोक घरात कोंडलेले. सिनेमा नाही, फिरणं नाही. कॅसेट ऐकायची, पोट धरून हसायचं, आणि नंबर खरा आहे का बघायचा. अंबाल्यापासून अमृतसरपर्यंत एकही ट्रक त्या कॅसेटशिवाय हलत नव्हता. ट्रकला एकवेळ ब्रेक नसतील.

आमचे साहेब, सूदसाहेब, म्हणाले, म्हातारीचा नंबर बदलून टाका. मी म्हटलं, सर, लोक जुनाच नंबर फिरवणार. रिक्षा त्याच मोहल्ल्यात येऊन रिकाम्या घरासमोर उभ्या राहणार. त्यापेक्षा डॉक्टरांना दुसऱ्या मोहल्ल्यात हलवू, वेगळ्या रॅकवर. तासाभराचं काम. सूदसाहेबांनी नकारार्थी मान हलवली. जे थोडे नंबर शिल्लक होते ते पोलीस आणि बंदोबस्तासाठी राखीव. त्यातला एक दिला आणि उद्या कुणी विचारलं, तर सही कुणाची?

मी खेडकरबाईंना बोलावून घेतलं आणि सांगितलं, की माझ्याच्यानं काही होत नाही, साहेबांशी तुम्हीच बोला. एवढं मात्र कानावर घातलं, की साहेबांचं हर्नियाचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात तुमच्याच इन्स्टिट्यूटमध्ये आहे.

बाई आत गेल्या. या वेळी अजिबात ओरडल्या नाहीत. मी दाराशीच होतो.

"सूदसाहेब, तुमचं नाव माझ्या लिस्टवर आहे. सकाळी भूल मीच देईन. संध्याकाळी काही कमीजास्त झालं तर वॉर्डवाले मलाच फोन करतील."

एवढंच. मग बाई खुर्चीत बसून राहिल्या. सूदसाहेबांनी पेन शोधायला जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात मी अर्ज टाइप करून आणला असता. पण तो माझ्या खिशात तयारच होता.

त्याच दुपारी बाईंना नवा नंबर मिळाला. चौथ्या दिवशी कर्फ्यूत संध्याकाळी हॉस्पिटलचा फोन आला, पहिल्या घंटीला बाईंनी उचलला, आणि जीप पोचली तेव्हा त्या फाटकात उभ्या होत्या. पोटात गोळी लागलेला एक शाळामास्तर. तो घरी गेला हे मला बाईंनी मुद्दाम फोन करून कळवलं. सूदसाहेबही व्यवस्थित शुद्धीवर आले.

बीजींचं मात्र अजून बाकी होतं. एवढ्यात एक लांब कुर्त्यातला किडकिडीत गृहस्थ तक्रार घेऊन आला. महिनाभर संध्याकाळी त्याच्या फोनवर कार्यक्रमाचं एकही बुकिंग आलं नव्हतं. दिवसच वाईट, लोकांना हसायची भीती वाटते, असं तो म्हणत होता. तो बोलायला लागला आणि गुरमेलजींनी हेडफोन काढून ठेवला. आवाज गेंदा पहलवानाचा.

मी त्याचा नंबर पाहिला. बीजींचाच, फक्त शेवटचा आकडा वेगळा. मोहल्ला तोच, घर शेजारचं. कॅसेटसाठी त्यानं आपल्याच नंबराचा शेवटचा आकडा बदलून नंबर रचला होता. स्वतःच्याच कॅसेटनं स्वतःच्या रिक्षा अडवल्या होत्या.

त्याला बीजींबद्दल सांगितलं, कंडक्टरबद्दलही सांगितलं. मग मी म्हटलं, पहलवानजी, सगळा पंजाब तुम्हाला फोन करतोय, पण चुकीच्या घरी. तुमचा नंबर बीजींना द्या, त्यांचा तुम्ही घ्या. त्यानं लगेच सही केली. संध्याकाळपर्यंत अदलाबदल झाली, रॅकवर आम्ही दोन सिलेक्टर जादा चढवले, आणि बीजी निवांत झाल्या. या धंद्यात मी एवढंच शिकलो, की मनानं रचलेला नंबरही कुणाच्या तरी घरात वाजतो.

जाताना त्याला मी विचारलं, "एकच आकडा बदलायचा होता, तर स्वतःचाच नंबर का नाही दिलात?"

तो चप्पल घालत म्हणाला, "स्वतःचा कसा देणार जी? लोक फार त्रास देतात."