राष्ट्राध्यक्षांना प्रदक्षिणा

साडीवर लोकरी कोट, पायात पांढरे कॅन्व्हासचे बूट आणि कपाळावर रुपयाएवढी टिकली. ऐंशीच्या दशकातली ती बया आज मला रस्त्यात दिसली असती, तर हसू दाबत मी पलीकडच्या फुटपाथवर गेले असते. पण ती मीच होते, तेव्हा करणार काय!

यांचं एम.एस. संपत आलं होतं. मेच्या पहिल्या आठवड्यात कायमचं घरी परतायचं, तिकिटं काढलेली. आणि मधेच यांच्या प्रोफेसरांनी पीएच.डी.साठी थांबायला सांगितलं. म्हणजे आणखी चार वर्षं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. "तू नाही म्हणालीस तर नाही," एवढं बोलून हे मोकळे झाले. असल्या माणसाशी धड भांडताही येत नाही. मला तर परत जायचंच होतं. इथे आल्यापासून मी एकटीने कुणाशी चार वाक्यं बोलले नव्हते. दुकानातसुद्धा मी वस्तूकडे बोट दाखवायची आणि इंग्रजी हे बोलायचे. दिवसभर खिडकीतून पार्किंग लॉट बघायचा, एवढाच काय तो माझा आणि अमेरिकेचा संवाद.

शनिवारी यांनी मित्राची गाडी मागून आणली. "चल, तुला राष्ट्राध्यक्षांची लायब्ररी दाखवतो." शेजारच्या राज्यात, एका लहानशा गावात एका माजी राष्ट्राध्यक्षांचं संग्रहालय होतं, त्यालाच इथे लायब्ररी म्हणतात. त्यांना आणि त्यांच्या बायकोला तिथेच, आतल्या अंगणात पुरलेलं.

वाटेत सगळीकडे धुकं. आत गेलो तर तिथेही धुक्यासारखाच उजेड, आणि गालिचा इतका जाड की पाऊल वाजेना. एका खोलीत साहेबांचं ऑफिस जसंच्या तसं मांडलेलं. टेबलावरचा दिवा लागलेला, खुर्ची जराशी मागे सरकलेली, जणू आत्ताच चहाला उठलेत. छतातून कुठून तरी त्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज झिरपत होता. शब्द कळत नव्हते, पण माजघरातून कुणी वडीलधारं बोलत असावं तसं वाटलं. पुढे काचेआड बाईंचा निळा रेशमी झगा, बिनडोक्याच्या पुतळ्यावर. काचेसमोर उभी होती ती बयाही काही फार वेगळी नव्हती म्हणा! शेजारी त्यांचे हातमोजे, बोटं अजून किंचित वाकलेली. त्या बोटांसमोर मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मग पाण्याखालून चालावं तशी चालत राहिले, एक दार ढकललं, आणि अंगणात आले.

हिरवळीत दोन सपाट दगड, त्यांच्याभोवती फरसबंद वाट. आता मला सांगा, समाधीपुढे माणूस काय करतं? मी बूट काढून कडेला ठेवले, नमस्कार केला आणि प्रदक्षिणेला लागले. फरशीचा गारवा मोज्यांतून वर वर चढत होता. धुक्यात ते दगड तरंगल्यासारखे दिसत होते, आणि मीही.

दुसऱ्या फेरीला मागे कुजबूज ऐकू आली. वळून बघते तर सहलीच्या बसमधून आलेल्या म्हाताऱ्या अमेरिकन बायका माझ्या मागे ओळीने चालताहेत, नुसत्या स्टॉकिंग्जमध्ये! त्यांचे बूट माझ्या बुटांशेजारी नीट मांडलेले. त्यांना वाटलं, इथला नियमच असणार. धुक्यातून ती जांभळी, गुलाबी, फिकट पिवळी रांग आवाज न करता सरकत होती. थांबावं कसं ते मला कळेना, म्हणून मी आपली चालतच राहिले. हे ऐकून माझी नात कपाळाला हात लावते, "आजी, दॅट्स सो एम्बॅरसिंग!"

अखेर जांभळ्या कोटातल्या एक बाई माझ्या बरोबरीने आल्या. "हनी, आपण हे का करतोय?"

मी यांना शोधलं. हे खांबाआड, आमची ओळखच नसल्यासारखे, माहितीची पाटी वाचत होते.

"आमच्यात मोठ्या माणसाला," मी माझ्या इंग्रजीत म्हणाले, "असं... गोल."

"आणि शूज?"

खरं कारण सांगण्याइतकं इंग्रजी माझ्याकडे नव्हतं. "ते झोपलेत ना," मी ठोकून दिलं.

बाई हसल्या नाहीत. थोडं चालल्यावर म्हणाल्या, "माझे मिस्टर गेल्या वर्षी गेले. मी त्यांच्या थडग्यापाशी जाते आणि नुसती उभी राहते. हातापायांचं काय करावं सुचत नाही. बसची वाट बघत असल्यासारखं वाटतं." मग माझा दंड धरून, "मेच्या शेवटी आमच्याकडे सगळे थडग्यांवर फुलं वाहायला जातात. तेव्हा तू येशील? एकटीने असं गोल फिरायची मला लाज वाटेल."

"येईन की," मी म्हटलं. "फक्त बूट बिननाडीचे घाला."

परतताना मी हीटरसमोर पाय धरून बसले होते. रस्ता दिसत नव्हता, नुसते समोरच्या गाडीचे लाल दिवे. यांनी विचारलं, "मग सोमवारी काय सांगू?"

"मला मेच्या शेवटी एके ठिकाणी जायचंय."

"अगं, आपलं विमान पहिल्या आठवड्यात आहे."

"ते कॅन्सल करा."

यांनी गाडी जरा हळू केली. "पण जायचंय कुठे?"

"त्या जांभळ्या कोटवाल्या बाईंच्या गावी. त्यांच्या मिस्टरांना प्रदक्षिणा घालायला."

"कुठलं गाव?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बयेने ना गाव विचारलं होतं, ना बाईंचं नाव.

"शोधू की," मी म्हटलं. "चार वर्षं आहेत."