मागांच्या आवाजात बाबा काय म्हणाले

परवा इथे कुणीतरी विचारलं होतं, आवडती ऐतिहासिक मालिका कोणती आणि का? आज सांगतो.

गिरणी संपावरची ती सहा भागांची मालिका. शूटिंगसाठी लालबागमधले जुने कामगार कापड विणायच्या मागांवर उभे केले होते. त्यात बाबा होते. संपानंतर ते मागाजवळ गेले ते तेवढेच. मालिका लागायच्या आधीच ते वारले.

आज दुपारी आईसोबत चौथा भाग बघत होतो. नायकाच्या मागे बाबा दिसले. ओठ हलत होते, पण ऐकू येत होते फक्त माग.

"मागे घे रे," आई म्हणाली. तीही त्याच गिरणीत होती. त्या गोंगाटात सगळे एकमेकांचे ओठ वाचूनच बोलत.

तिसऱ्यांदा बघून झाल्यावर मी विचारलं, "काय म्हणतायत?"

"माका रोज सांगायचे, तेच. पाळी सुटली की गेटवर थांब, मी येतंय."

शूटिंगवाल्यांनी म्हणे सांगितलं होतं, काहीही बोला, आवाज घेणार नाही.

नायकाचा एकही संवाद मला आठवत नाही. मालिका आवडते ती मागच्या या माणसांमुळे.

आई तेव्हापासून दाराकडे तोंड करून बसली आहे. तिला काय सांगू?