नॉर्मल असल्याचा दाखला

दोन-चार माणसं वर्षानुवर्षं एकत्र डबा खाऊ लागली की किस्से आपोआप साठतात. लोक आम्हाला काय काय म्हणतात याचे किस्से तर कुणीही सांगेल. आमच्याकडे साठलेत ते उलटे: ज्यांना काहीच झालेलं नाही, त्यांना काय म्हणायचं, याचे.

आम्ही तिघं सुरतेत बमरोलीला साड्यांच्या एका होलसेल गोडाऊनमध्ये कामाला. विलासभाऊ अमळनेरकडचे. त्यांना जन्मापासून दिसत नाही, फोनवरच्या ऑर्डरी ते घेतात. मीनलला ऐकू येत नाही, ती कॉम्प्युटरवर साड्यांचा कॅटलॉग बनवते. मी वैशाली. डाव्या पायाला पोलिओ, कॅलिपर घालून चालते आणि डिस्पॅच बघते.

*

एकदा कसलीशी माहिती भरायला एक साहेब आले. फॉर्म काढून विलासभाऊंना म्हणाले, "तुम्ही तिघं दिव्यांग. बाकी नॉर्मल किती?"

विलासभाऊ शांतपणे म्हणाले, "आमच्या तिघांचे दाखले आहेत, सिव्हिल हॉस्पिटलच्या शिक्क्याचे. नॉर्मल असल्याचा दाखला कुणाकडे आहे, ते विचारून सांगतो."

साहेबांनी तो रकाना कोराच ठेवला.

*

आमच्या खरेदीवाल्या भाईंना आपल्या नजरेचा भारी अभिमान. एकदा त्यांनी जॉर्जेटचा मोठा लॉट पास केला. विलासभाऊ जाता जाता कापडाच्या ठाणांवरून हात फिरवत थांबले. "यातली खालची सहा ठाणं वेगळी आहेत."

"रंग एकच, डिझाईन एकच. मी डोळ्यांनी बघितलंय," भाई म्हणाले.

मिलमध्ये फोन लावला तर सहा ठाणं खरंच दुसऱ्या सुताची निघाली. भाईंचा चेहरा पडला. विलासभाऊंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "डोळस माणसाचं असंच होतं भाई. रंगावर भाळतो तो."

*

माझ्या लग्नाचं बघत होते तेव्हाची गोष्ट. भेस्तानच्या आमच्या घरी एक बाई स्थळ घेऊन आल्या. मी चहा घेऊन बाहेर येत होते, कॅलिपरचा आवाज ऐकून त्या थांबल्या. मग आईला म्हणाल्या, "आमचा मुलगा चांगला आहे हो. तरी तयार झालाय."

आईने विचारलं, "चांगला म्हणजे, करतो काय?"

"सध्या काही नाही. पण चांगला आहे ना, धडधाकट."

आईने माझ्या हातातला ट्रे घेतला, त्यांच्यापुढे कप ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे नुसताच चालतो. आमची चालते आणि कमावतेही."

चहा मात्र त्या बाईंनी पूर्ण संपवला.

*

आमचे शेठ जिग्नेशभाई यांच्या केबिनमध्ये एकदा दीड तास मीटिंग चालली. सगळे एकदम बोलत होते. मीनलला ओठ वाचता येतात, पण सहा जणांचे एकदम कसे वाचणार? बाहेर आल्यावर तिने ग्रुपवर मेसेज टाकला, "काय ठरलं?" पाच जणांनी पाच वेगवेगळी उत्तरं दिली.

मी तिला खुणेने विचारलं, "तुम्ही ऐकू न येणाऱ्या मैत्रिणी आपसांत ऐकू येणाऱ्यांना काय म्हणता?" तिने तोंडाजवळ पंजा नेला आणि चोचीसारखा उघड-मीट, उघड-मीट करून दाखवला.

तेव्हापासून मुद्दे आधी फळ्यावर लिहायचे आणि एका वेळी एकानेच बोलायचं, असं तिने ठरवून घेतलं. आता वीस मिनिटांत आटोपतं. शेठ स्वतःच विचारतात, "मीनल छे ने? तो मीटिंग जल्दी पतशे." मीनल आहे ना, मग लवकर आटोपेल, असं.

*

मग पलसाण्याला हायवेवर नवं गोडाऊन निघालं. पगार जास्त होता. आम्ही तिघांनी नावं दिली. शेठ नजर चुकवून म्हणाले, "त्यां तो साजा-नरवा माणस जोईशे." तिथे धडधाकट माणसं लागतील, असं. वाईट मनाने नाही बोलले, पण त्या दुपारी आमचे डबे तसेच परत गेले. मीनलने वाचलं होतं त्यांच्या ओठांवरून.

धडधाकट स्टाफ पलसाण्याला गेला, ऑर्डरी, डिस्पॅच, कॅटलॉग सगळं तिकडे हललं. दोन आठवड्यांत धुळे-नंदुरबारचे दुकानदार फोनवर कुरकुर करू लागले. नुसत्या आवाजावरून गिऱ्हाईक ओळखून मागच्या खेपेचा माल सांगणारे विलासभाऊ त्यांना हवे होते. पार्सलं भलतीकडे जाऊ लागली. कॅटलॉग अडकला.

शेठ स्वतः आमच्याकडे आले. "सोमवारपासून तुम्ही तिघं तिकडे."

मी म्हटलं, "आधी पायऱ्यांच्या बाजूला उतार बांधा, मग आम्ही."

उतार बांधला. आता हमाल सगळ्या ट्रॉल्या त्याच्यावरूनच चढवतात.

*

पलसाण्याला पॅकिंगसाठी बाई हवी होती. माणसं निवडायचं काम शेठनी आमच्यावरच सोपवलं. कल्पना नावाची तिशीतली एक बाई आली, शिरपूरकडची, पॅकिंगचा चांगला अनुभव असलेली. टेबलाशी बसली. तिने विलासभाऊंची पांढरी काठी बघितली, माझं कॅलिपर बघितलं, मीनलशी मी हातांनी बोलत होते ते बघितलं. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

मी विचारलं, "काही अडचण आहे का?"

पदराशी चाळा करत ती म्हणाली, "ताई, मला कोणी सांगितलंच नव्हतं. मला तर काहीच नाही. हात, पाय, डोळे, सगळं नीट आहे. मला घ्याल का?"

विलासभाऊ तिच्या आवाजाकडे वळून म्हणाले,

"घेऊ की. सुरुवातीला जड जाईल बहीण, पण घाबरू नका. कुठं अडलं तर सांगा, सोय करून घेऊ."